घराला दुकान लिहिलंय, ते बदलून घ्या

साथींनो,

मागच्या महिन्यात वनहक्काच्या दाव्यांच्या फायली लावायला आम्ही पाड्यापाड्यावर बसलो होतो. राहण्याचा पुरावा म्हणून कुणी रेशनकार्ड आणलं, कुणी मतदार ओळखपत्र, कुणी घरपट्टीची पावती. काही जणांनी लाईटबिलं पण आणली. मी आमच्या घरचं बिल आणलं होतं. फायलीत लावताना एका जुन्या साथीने ते हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मला विचारलं, "पोरी, हे तुझं घर आहे की दुकान?"

बिलावर 'दर संकेत' असा एक रकाना असतो. घरगुती मीटर असेल तर तिथे एलटी एक आणि 'रेस' असं काहीतरी असतं. आमच्या बिलावर एलटी दोन होतं आणि पुढे 'कॉम'. म्हणजे व्यापारी.

आमचं घर कुडाचं. आई ओटीवर एक फळी लावून मीठ, काडेपेटी, साबण, बिस्किटाचे पुडे ठेवते. बाजार सात किलोमीटर लांब, म्हणून पाड्याची सोय होते आणि आईला तेलामिठापुरते पैसे सुटतात. मीटर घेतलं तेव्हा घरगुतीच होतं. नंतर कधीतरी तपासणीला आलेल्या माणसाने ओटीवरची बिस्किटाची बरणी पाहिली असणार. आम्हाला कुणी सांगितलं नाही, कागद दिला नाही. बिल वाढलं एवढंच कळलं. आई म्हणायची, लाईट महाग झाली. मी बारावी शिकलेली, आणि तीन वर्षं ते बिल हातात धरून नुसती खालची रक्कम वाचत होते. ही चूक माझी, ती इथे लिहून टाकते.

व्यापारी दर म्हणजे काय ते समजून घ्या. दर वर्षी-दोन वर्षांनी आकडे बदलतात, पण ठेवण तीच राहते. युनिटचा भाव घरगुतीच्या पहिल्या टप्प्यापेक्षा दीडपटीहून जास्त. आणि स्थिर आकार, म्हणजे एक युनिट जाळलं नाही तरी द्यावा लागतो तो, घरगुतीच्या कितीतरी पट. आमच्याकडे दोन बल्ब, एक पंखा, मोबाईलचं चार्जिंग. असल्या घराच्या बिलात विजेपेक्षा स्थिर आकारच जड होतो. लग्नसराईत सगळे जण महिनाभर वीटभट्टीवर गेले होते, घराला कुलूप होतं. तरी बिल आलंच.

आता महत्त्वाची गोष्ट. घरात छोटं दुकान असलं म्हणजे घर व्यापारी होतं, हे खरं नाही. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या दर आदेशातच लिहिलेलं आहे की, राहत्या घराच्या एका भागात कुणी धंदा करत असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षाचा वापर ३,६०० युनिटच्या आत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो. आपल्या पाड्यांवर ३०० युनिट जाळणारं घर मला तरी माहीत नाही. दुकानासाठी वेगळं मीटर घ्या असं सांगणारे एजंट फिरतात, दोन-दोन हजार मागतात. त्यांना दारातून परत पाठवा.

बचत गटाच्या बायांनी पण ऐका. भाताची गिरणी, पिठाची चक्की, मसाल्याची चक्की हे आयोगाच्या आदेशात उद्योगात धरलेलं आहे, व्यापारात नाही. उद्योगाचा दर व्यापारी दरापेक्षा कमी असतो. गटाची चक्की वेगळ्या शेडमध्ये असेल आणि बिलावर 'कॉम' असेल तर तेही चुकीचं आहे. घरातच छोटी चक्की असेल आणि वापर ३०० च्या आत, तर वरचाच नियम.

दारिद्र्यरेषेखालच्या मीटरचं दुखणं वेगळं आहे, आणि ते जास्त वाईट. तो दर सगळ्यात स्वस्त. त्याला मंजूर भाराची आणि वर्षाला ३६० युनिटची हद्द. महिन्याला तीस, दिवसाला एक. एकदा का वर्षाची हद्द ओलांडली की घर साध्या घरगुती दरात जातं आणि पुढे वापर कितीही कमी केला तरी परत मागे येता येत नाही. आता बघा, पावसाळ्यात ओढा भरला की रीडिंगवाला आपल्याकडे येत नाही. ऑफिसात बसून सरासरी टाकतो. घरात वीस युनिट जळले आणि कागदावर साठ चढले, असं चार-पाच महिने चाललं तर वर्षाची हद्द कागदावरच संपते. म्हणून बिलावरचं रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग दर महिन्याला ताडून बघा. शाळेत जाणाऱ्या पोराला हे काम द्या, दोन मिनिटांचं आहे. फरक दिसला तर त्याच महिन्यात लेखी कळवा. वर्ष उलटल्यावर रडून उपयोग नाही.

कुणी म्हणेल, जमिनीची लढाई सोडून पत्रकात लाईटबिल कशाला? म्हणूनच सुरुवातीला फायलीची गोष्ट सांगितली. वनहक्क कायदा २००६ आपल्याला वनजमिनीवर राहण्याचा आणि पोटासाठी कसण्याचा हक्क देतो. आपण दाव्यात लिहितो, हे माझं राहतं घर. आणि त्याच फायलीत आपणच लावलेला कागद म्हणतो, हे व्यापारी ठिकाण. आजवर कुठल्या समितीने यावरून आडवं घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. पण ज्यांना दावा नाकारायला निमित्त हवं असतं, त्यांच्या हातात आपण आपल्याच खर्चाने कागद का द्यायचा? लाईटबिल हा मालकीचा पुरावा नाही. ते नसलं म्हणून दावाही अडत नाही. पण जो कागद लावायचा तो खरं बोलणारा असावा.

ज्यांच्याकडे अजून मीटरच नाही त्यांना ऑफिसात सातबारा मागतात. वनजमिनीवरच्या माणसाने सातबारा कुठून आणायचा? वीज कायदा २००३ चं कलम ४३ वाचून दाखवा. तिथे 'मालक किंवा ताबेदार' असं दोन्ही लिहिलंय. आणि फॉरेस्टवाले खांब अडवत असतील, तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींची यादी आहे, तिच्यात विजेच्या लाईनी आहेत. एक हेक्टरच्या आत जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. शिफारस आपल्याच हातात आहे. त्यावर पुढच्या अंकात सविस्तर लिहू.

मीटरचा दर बदलायचा तर तोंडी बोलू नका. मी आधी दोनदा तोंडीच बोलून आले. पहिल्यांदा म्हणाले साहेब रजेवर आहेत. दुसऱ्यांदा म्हणाले, "दुकान चालवता ना? गप्प बसा, नाहीतर १२६ लावू." कलम १२६ म्हणजे विजेचा अनधिकृत वापर, त्यात दुप्पट दराने आकारणी होते. ऐकून माझ्याही पोटात गोळा आला होता. पण आयोगाचा आदेशच घराच्या भागात धंदा करायला घरगुती दर देत असेल, तर त्यात अनधिकृत काय? आणि १२६ खाली आकारणी केलीच तर आधी लेखी आदेश द्यावा लागतो, त्यावर हरकत घेता येते. नुसत्या धमकीला घाबरून परत फिरू नका.

तिसऱ्यांदा आम्ही पाच जणी गेलो. अर्जात ग्राहक क्रमांक, बिलाची झेरॉक्स, वर्षभराच्या युनिटचे आकडे, घर राहतं आहे असा ग्रामसभेचा ठराव, आणि जादा घेतलेले पैसे व्याजासह परत मिळावेत ही मागणी. ती मागणी विसरू नका, कायद्याच्या कलम ६२(६) मध्ये तसं आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हललो नाही. दर बदलायला त्यांना अर्जापासून दुसऱ्या बिलाचं चक्र संपेपर्यंत मुदत असते. तोवर झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर विद्युत लोकपाल. मंचाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात, त्यामुळे घोळ घालू नका.

मधल्या काळात रागाने बिल भरायचं बंद करू नका. वादाचं बिल असेल तर 'हरकत नोंदवून' मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम भरता येते. मग वाद मिटेपर्यंत कनेक्शन तोडता येत नाही. आणि थकबाकीसाठी तोडायचं तरी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. वायरमन दारात येऊन "आज तोडतो" म्हणाला तर नोटीस मागा. मीटर काढून आकडा टाकणारे पण आपल्यात आहेत, मला माहीत आहे. आकडा टाकला की आपली बाजू गेली, मग संघटना पण काही करू शकत नाही.

एक गोष्ट सरळ सांगते. ज्यांचं दुकान रस्त्याला वेगळ्या गाळ्यात आहे, तिथे कुणी राहत नाही, फ्रीज चालतात, त्यांचा व्यापारी दर बरोबरच आहे. त्यांनी ग्रामसभेकडे खोटा ठराव मागायला येऊ नये. एक खोटा ठराव निघाला की बाकी शंभर खऱ्यांवर संशय येतो.

आमच्या अर्जानंतर पहिलं बिल आलं, त्यावर अजून 'कॉम'च आहे. दुसऱ्याची वाट बघतोय. पोच फायलीत लावून ठेवली आहे.

अर्जाचा नमुना शेवटच्या पानावर छापला आहे, शाई पुसट आली असेल तर माझ्याकडून लिहून घ्या. पुढच्या बैठकीला प्रत्येक घराने लाईटबिल आणायचं आहे. नुसतं चालू महिन्याचं नको, घरात जेवढी जुनी सापडतील तेवढी आणा. वाशात खोचलेली, डब्याखाली अंथरलेली, तेलाचे डाग पडलेली, सगळी चालतील.

जिंदाबाद!