गाडी आणावी की विकावी?

आखातातली नोकरी आटोपून कायमचे वतनाला परतणारे बंधू आम्हाला विचारतात, "तिथली गाडी सोबत आणावी का?" घामाच्या पैशाने घेतलेली गाडी सोडवत नाही, हे आम्ही जाणतो. तरी आधी हिशोब करावा.

पहिली अडचण स्टिअरिंगची. सौदी, कुवेत, दुबईत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे नेमके उलट. वापरलेली गाडी भारतात आणायची तर स्टिअरिंग उजवीकडेच हवे आणि गाडी 3 वर्षांहून जुनी नसावी, असा आयातीचा नियम आहे. आखातातल्या बहुतेक गाड्या इथेच बाद होतात. एखादी नियमात बसलीच, तरी कस्टम ड्युटी व इतर कर मिळून गाडीच्या किमतीहून जास्त होतात. जहाजभाडे आणि आरटीओचा खर्च वेगळा.

तेव्हा गाडी तिथेच विकावी, पण निघायच्या आठवड्यात नव्हे. घाईच्या सौद्यात मातीमोल भाव येतो. गाडीवरचे कर्ज फेडून, दंड भरून, मालकी खरेदीदाराच्या नावे करूनच विमानात बसावे.

"किल्ली ठेव, विकली की पैसे पाठव," असे मित्राला सांगून निघू नये. कागदावर नाव आपलेच राहते आणि दंडही आपल्याच नावावर चढतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही कुरआनची शिकवण आहे. ती पाळली तर पैसेही वाचतात, दोस्तीही.