प्रल्हाद शिंदे कोणाचे? तबकडीवरून निकाल देण्याआधी

प्रल्हाद शिंदे यांना जाऊन दोन दशके उलटली. जून २००४ मध्ये हा आवाज थांबला. तरी कल्याणचा हा गायक आंबेडकरी चळवळीचा, की बाजाराचा, हा वाद अजून मिटलेला नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यात जुन्या तबकड्या आणि कॅसेट जपणारे रसिक आहेत. त्यांच्या गप्पांत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्या गळ्याने भीमगीत गायले त्याच गळ्याने विठ्ठल, गणपती आणि सत्यनारायणाची कथा घरोघरी पोहोचवली, मग हा कसला आंबेडकरी? दुसरा तट म्हणतो, पोटासाठी गायले, विषय संपला.

आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

पहिल्या तटाचा आक्षेप हलका नाही, हे आधी मान्य करू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली तिसरी प्रतिज्ञा थेट गौरी-गणपतीचे नाव घेते. त्यामुळे बौद्ध तरुणाने हा प्रश्न विचारला तर त्याला 'कलेला धर्म नसतो' असे गुळमुळीत उत्तर देऊन गप्प बसवू नये. पण प्रश्न विचारताना पुरावा कोणता धरतो, हे पाहिले पाहिजे.

संग्राहकाच्या कपाटात जे आहे ते गायकाचे संपूर्ण आयुष्य नाही. कंपनीला जे विकता येईल असे वाटले, तेवढेच त्या कपाटात आहे. मोठ्या कंपन्यांना भक्तिगीताचे गिऱ्हाईक ठाऊक होते: आषाढी, गणेशोत्सव, श्रावण. भीमगीताचे गिऱ्हाईक वस्तीत होते, चाळीत होते, आणि ते तबकडी विकत घेण्यापेक्षा रात्रभर मंडपात बसून ऐकत होते. त्यात जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. कव्वालीचा सामना, सवाल-जवाब, मध्येच श्रोत्यांच्या चिठ्ठ्या, हे तीन मिनिटांत कसे बसणार? म्हणजे प्रल्हाद शिंदे यांच्यातला जो भाग आपला होता, तोच तबकडीवर सर्वांत कमी उतरला. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, छोट्या कंपन्या आल्या, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि जयंतीच्या मैदानात भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल लागू लागले, तेव्हा कुठे चित्र थोडे बदलले.

आता दुसऱ्या तटाचे 'पोटासाठी'. हे वाक्य सहानुभूतीचे वाटते, पण त्यात पैशाचा हिशेब कोणी विचारत नाही. त्या काळी लोकगायकांना सहसा ठोक रक्कम मिळे, पुढे गाणे कितीही वाजो. गायकालाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीत हक्क देणारी कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती २०१२ मध्ये झाली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी. ज्या गाण्यांवरून त्यांना बाजारू म्हटले जाते, त्या बाजाराचा मोठा वाटा गायकाकडे येईल अशी व्यवस्थाच नव्हती.

इथे विठ्ठल उमप यांचे उदाहरण घ्यावे. त्यांनीही भीमगीते गायली आणि गोंधळ, भारूड, 'जांभूळ आख्यान'सुद्धा रंगवले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच त्यांनी प्राण सोडला. त्यांना कोणी असा जाब विचारत नाही, आणि विचारूही नये. पण फरक का? आमच्या मते उमपांचे द्रौपदीचे आख्यान नाट्यगृहात गेले, त्याला 'लोककला' म्हटले गेले. शिंद्यांचे गाणे लाउडस्पीकरवर राहिले, म्हणून ते 'धंदा' ठरले. शहाण्यासुरत्या वर्गाची ही फूटपट्टी आपण कशाला उचलायची?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपुढेही हा पेच होता. शिकागोच्या थॉमस डॉर्सी यांनी १९२८ मध्ये चावट गाण्याची तबकडी गाजवली आणि पुढे तेच चर्चच्या गॉस्पेल संगीताचे जनक मानले गेले. त्यांच्या समाजाने दोन्ही तबकड्या जपल्या, म्हणून आज त्यांच्यावर नीट बोलता येते.

आपल्याकडे जपणूक हीच खरी अडचण आहे. जयंतीच्या रात्री टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेट कल्याण-अंबरनाथच्या घरांत माळ्यावर पडून आहेत. खाडीकाठच्या दमट हवेत फितीला बुरशी येते, आणि अशी फीत तशीच वाजवली तर आवाज कायमचा जातो, मशीनही खराब होते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी, मगच संगणकावर उतरवावी. कव्हरवर कवीचे नाव नसेल तर शेवटचा अंतरा ऐकावा, आपल्याकडे कवी आपले नाव तिथेच गुंफतो. वामनदादा कर्डकांची कितीतरी गाणी अशीच ओळखता येतात.

कायद्याचेही ध्यानात ठेवावे. कंपनीच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, गीताचा मात्र कवीच्या निधनानंतर ६० वर्षांनी. वामनदादा २००४ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे शब्द इंटरनेटवर टाकण्याआधी वारसांची परवानगी लागेल. घरची कॅसेट जपायला सुरुवात करायची तर तिच्यावर आजच लिहून ठेवा: गाव, साल, कोणाची पार्टी, ढोलकीवर कोण. हे सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.