समुद्राला उतार नसतो

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागते, बोटी शाकारल्या जातात आणि माझ्या वर्कशॉपात एक प्रश्न हमखास येतो. बोटीचं इंजिन गेलंय, नवं मरीन इंजिन झेपत नाही, ट्रकचं बसवलं तर चालेल का? बंदरावर कुणी सांगतं, बिनधास्त बसव, सगळेच बसवतात. कुणी सांगतं, असला जुगाड एक दिवस माणसं बुडवील. रत्नागिरीत मी इतकी वर्षं बोटींची डिझेल इंजिनं खोलतो आणि जोडतो, आणि मला दोन्ही सल्ले घातक वाटतात. ट्रकचं इंजिन बोटीत चालतं, चांगलं चालतं. मात्र त्याचं पाणी, त्याचा धूर आणि त्याचा गिअर ट्रकचा चालत नाही. इंजिनात वाचलेला पैसा या तीन गोष्टींवर घालायचा नसेल, तर ते इंजिन भंगारवाल्याकडेच राहू द्यावं.

मुळात ‘मरीन’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं रस्त्यावरूनच आलेलं असतं. अशोक लेलँडची सहा सिलिंडरची जी मरीन इंजिनं आपल्या किनाऱ्यावर घरोघरी माहीत आहेत, ती त्यांच्या ट्रक-बसच्या इंजिनांचीच भावंडं. १९४९मध्ये मर्सिडीजच्या १७० डी मोटारीत आलेलं ओएम ६३६ हे छोटं डिझेल इंजिन पुढे जगभरच्या होड्यांत बसलं. ब्लॉक तोच, क्रँक तोच. कारखाना त्याच्याभोवती समुद्राचं सामान चढवतो आणि किंमत वाढते ती बरीचशी या सामानाची. आपला मिस्त्री नेमकं तेच सामान गाळतो.

बोटीचं इंजिन मरतं कसं, हेही सांगितलं पाहिजे. २०२०च्या जूनमधलं निसर्ग आणि २०२१च्या मेमधलं तौक्ते, या दोन वादळांनी कोकणात नांगरावरच्या बोटीसुद्धा सोडल्या नाहीत. बुडालेली बोट वर काढतात, मालक पंचनाम्याची वाट बघतो, आणि तेवढ्यात इंजिन संपतं. खाऱ्या पाण्यात असताना जितका गंज चढत नाही, तितका ते वर येऊन त्याला हवा लागली की चढतो. पाण्यातून निघालेलं इंजिन त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवायचं, नोझल काढायचे, तेल काढून टाकायचं, सिलिंडरमध्ये डिझेल ओतून क्रँक हातानं फिरवायचा. एवढं केलं तर पुष्कळ इंजिनं वाचतात. आठवडा गेला की पिस्टन लायनरला धरतो, आणि मग मालक ट्रकच्या भंगारात उभा असतो.

आता पाण्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त इंजिनं इथेच जातात. ट्रकला पुढे रेडिएटर आणि पंखा असतो. बोटीत त्याला वारा कुठून मिळणार? मग सोपा उपाय म्हणून समुद्राचं पाणी पंपानं थेट ब्लॉकमध्ये सोडतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी ५५-६० अंशांच्या वर तापलं की त्यातले क्षार जॅकेटच्या भिंतीवर दगडासारखे बसायला लागतात, आणि ट्रकचं इंजिन तर ८०-९० अंशांवर चालावं म्हणून बनवलेलं. हे माहीत असलेला मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो आणि इंजिन थंडच चालवतो. खार बसणं कमी होतं खरं, पण थंड डिझेल इंजिनात इंधन नीट जळत नाही, आम्लं तयार होऊन तेल बिघडतं, लायनर झिजतो. म्हणजे एक दुखणं घालवून दुसरं आणायचं. यावर इलाज जुना आणि माहितीचा आहे. ब्लॉकमध्ये गोडं पाणी आणि कूलंट फिरवायचं, आणि ते गार करायला एक तर समुद्राच्या पाण्यावर चालणारा कूलर लावायचा, नाही तर बोटीच्या तळाला बाहेरून पाइप टाकून त्यातून ते पाणी फिरवायचं. लाकडी बोटीला तळचा पाइप मला जास्त आवडतो. त्यात गाळ भरत नाही, रबरी इम्पेलर तुटायची भीती नाही. कूलर लावला तर जस्ताचा तुकडा हवा आणि तो वेळेवर बदलायला हवा. तो झिजतोय म्हणजे त्याचं काम चाललंय.

धुराचं काम त्याहून दुर्लक्षित आहे. ट्रकचा मॅनिफोल्ड आणि टर्बो धावत्या वाऱ्यात थंड होतात. बोटीच्या बंद इंजिनखोलीत तेच लोखंड लाल होतं आणि बाजूला फायबरचा किंवा लाकडाचा सांगाडा असतो. शिवाय टर्बोच्या हवेला गार करणारा ट्रकचा इंटरकूलर वाऱ्यावर चालतो, तो इथे निकामी. तो तसाच ठेवला की इंजिन काळा धूर ओकतं आणि मालक नोझलला दोष देतो. मॅनिफोल्डला पाण्याचं जॅकेट हवं, निदान पाइपावर उष्णता अडवणारं जाड आवरण तरी. धुरात पाणी सोडायचं असेल तर पाइपाला इंजिनाजवळ पाण्याच्या पातळीच्या वर उंच वळसा द्यायलाच हवा. नाही तर इंजिन बंद करून बोट लाटेवर डुलत राहिली की पाणी उलटं सिलिंडरात येतं. पाण्यावर पिस्टन दाबला जात नाही. सकाळी स्टार्टर मारला की रॉड वाकतो.

गिअर हा तिसरा भाग. बोटीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाणी मागे ढकलतो आणि तेवढ्याच जोरानं शाफ्ट बोटीला पुढे ढकलतो. ट्रकच्या गिअरबॉक्सला हा धक्का कधी माहीतच नसतो, कारण तिथे तो चाकं घेतात. काही छोट्या बोटींत पैसे वाचवायला गाडीचाच गिअरबॉक्स ठेवतात. मग पंख्याचा सारा जोर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि तिथून क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर येतो. मरीन गिअर घ्यावा, जुना का असेना. ते नसेल जमत तर शाफ्टवर वेगळं थ्रस्ट बेअरिंग बसवल्याशिवाय मी काम हातात घेत नाही.

गिऱ्हाईकांना मला सर्वांत जास्त समजवावं लागतं ते वेगाबद्दल. भरलेला ट्रक कशेडी घाट चढताना जीव तोडून ओढतो, पण घाट संपला की त्याला उतार मिळतो. समुद्राला उतार नसतो. ट्रॉलरचं जाळं पाण्यात असेपर्यंत इंजिन चढावरच असतं, तास न् तास. म्हणून ट्रकमध्ये मिनिटाला २४०० फेऱ्यांना जी ताकद कागदावर लिहिलेली असते, ती बोटीत मागायची नाही. मी असं इंजिन १८०० फेऱ्यांच्या वर जाऊ नये असा डिझेलचा पंप बांधून देतो. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे फेऱ्या १० टक्के कमी केल्या की ताकद जवळपास २७ टक्के कमी लागते. बोट हाकणारा तांडेल कुरकुरतो, शेजारच्या बोटीच्या मागे पडतो म्हणतो. डिझेलचं बिल बघून बोटीचा मालक, नाखवा, कुरकुरत नाही. इंजिन बदललं की पंखाही तपासून घ्या, हे मात्र दोघांनाही सांगावं लागतं.

पेट्रोलच्या मोटारीचं इंजिन बंद बोटीत बसवायला मी ठाम नकार देतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचते, आणि मोटारीचा स्टार्टर ठिणगी पाडतो. थायलंडात लांब दांड्याच्या होड्यांवर मोटारींची इंजिनं सर्रास दिसतात, तो दाखला मला तरुण पोरं मोबाइलवर दाखवतात. त्या होड्यांत इंजिन उघड्यावर, मागच्या टोकावर असतं. वाफ साचायला तिथे खोलीच नाही.

या सगळ्यात सरकारचा संबंध येतो. आपल्याकडे बोट ओळखली जाते सिलिंडरवरून, कागदावर इंजिनाचा नंबर आणि अश्वशक्ती असते. इंजिन बदललं की ते नोंदवणं मालकाचं काम आहे, आणि विम्यासाठीही ते नोंदलेलं हवं, नाही तर दावा करताना कागद आणि बोट यांचा मेळ बसत नाही. पण अशा नोंदणीच्या वेळी कुणी तरी जाणकारानं इंजिनखोलीत उतरून कूलर आहे का, धुराचा वळसा आहे का, थ्रस्ट बेअरिंग आहे का, हे बघितलं पाहिजे. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्यावरच असतात. हे ६१ दिवस तपासणीसाठीच जणू दिलेले आहेत. मदत द्यायची तर ज्याला अख्खं इंजिन परवडत नाही, त्याला कूलर आणि मरीन गिअरपुरतं स्वस्त कर्ज द्या. त्यातून जास्त माणसं सुखरूप घरी येतील. पंचवीस वाव पाण्यात इंजिन बंद पडलं की आजच्या बोटीवर शीड नसतं आणि वल्ह्यानं ट्रॉलर हलत नाही.

घाई करायला आणखी एक कारण आहे. १ एप्रिल २०२०पासून विकले जाणारे नवे ट्रक बीएस-६चे आहेत. त्यांची इंजिनं कॉम्प्युटरवर चालतात, धुराच्या वाटेवर फिल्टर आणि युरियाची टाकी असते, सेन्सरची वायर तुटली तर ताकदच कापली जाते. खाऱ्या हवेत या वायरिंगचं काय होईल, ते बोटीवरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही वायरमनला विचारा. हातानं सोडवता येणाऱ्या पंपाची जुनी इंजिनं आता भंगारात वितळू लागली आहेत, आणि काही वर्षांनी ती मिळणार नाहीत. तेव्हा बंदरावरच्या मिस्त्रीला इलेक्ट्रॉनिक इंजिन शिकवणारं कुणी तरी हवं. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग आहेच. किनाऱ्यावरच्या आयटीआयत त्याला मरीन इंजिनाचे काही आठवडे जोडावेत. शिकवायला मी बिनपगारी येईन, आणि कापून उघडं केलेलं, आतून खार दिसणारं एक इंजिनही घेऊन येईन.