तबकडीचा आवाज बसतो तेव्हा

तबकड्यांचे दिवस पुन्हा आल्यापासून आमच्या शिरवण्यात मला एक नवाच हुद्दा मिळाला आहे, आवाजाच्या वैद्याचा! गेल्या पावसाळ्याअखेर शेजारच्या काकूंनी माहेरचा जुना रेकॉर्ड प्लेअर माझ्यापुढे आणून ठेवला.

“भाऊ, नाट्यगीत लावलं की कुणी भिंतीपलीकडं गातंय असं वाटतं. दुरुस्तीवाला म्हणतो, भंगारात द्या.”

सोबत त्यांच्या वडिलांनी जमवलेल्या चाळीसेक तबकड्या होत्या. प्लेअर गेला असता, तर त्यांचीही रवानगी माळ्यावर झाली असती.

वाचकहो, भंगाराचा निकाल फार लवकर लागतो. आधी नाडी पाहावी. हा प्लेअर नुसत्या बॅटरीवर चालणारा. आवाज वाढवून कार्ट्रिजपासून सोडवलेल्या तारेच्या टोकाला बोट लावले, तो कर्ण्यातून मोठी घरघर! म्हणजे ॲम्प्लिफायर ठणठणीत. (घरच्या विजेवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हच्या प्लेअरला असे बोट मुळीच लावू नये, काहींचा सांगाडाच विजेला जोडलेला असतो.) सुई बदलली, तरी आवाज तितकाच. संशयित उरला तो कार्ट्रिजमधला स्फटिक.

हा स्फटिक रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा. काही स्फटिक दाबले की वीज देतात, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवले; हा त्यांतलाच. पण शेवटी क्षारच तो! दमट हवेत बिघडतो आणि ५५ अंशांच्या आसपास मोडूनच पडतो. खाडीकाठच्या आपल्या हवेत त्याने इतके पावसाळे तग धरावा, ही अपेक्षाच जुलमी. त्याजागी सिरॅमिकचे कार्ट्रिज बसवले. त्याला ओलाव्याचे तेवढे भय नाही. काकू त्याच संध्याकाळी सहा तबकड्या ऐकून उठल्या.

नव्या चुंबकी कार्ट्रिजची कुंडली निराळी. ते बहुधा तीन ते पाच सहस्रांश व्होल्टच देते. पिनेवरचा मळही ते गिळतो. एका बाजूचा आवाज गेला, तर यंत्र बंद करून मागच्या पांढऱ्या-निळ्या आणि तांबड्या-हिरव्या तारांच्या जोड्यांची अदलाबदल करावी. मुकेपणा दुसऱ्या कर्ण्यात गेला, तर दोष कार्ट्रिजचा. जागचा हलला नाही, तर पुढे शोधावे. दोन्ही बाजू क्षीण असतील, तर वायर फोनोऐवजी भलत्याच खोबणीत खोचलेली नाही ना, ते पाहावे. माझे बरेच रुग्ण एवढ्यावरच बरे झाले आहेत!

मीटर असल्यास दोन्ही जोड्यांच्या पिनांमधला रोध मोजावा. तो साधारण सारखाच, बहुधा काही शे ओहम, भरतो. एकीकडे काटा हललाच नाही, तर आतली केसासारखी तार तुटली. ती सांधण्याच्या भरीस पडू नये.