दुसऱ्या पिकअपचा हव्यास

एकच पिकअप असलेली बास गिटार म्हणजे अपुरे वाद्य, या समजुतीपायी चांगल्या जुन्या वाद्यांचे अंग कोरले जाते. तारेचा कंप विजेत उतरविणारी चुंबकाची ती पेटी एक असली काय, दोन असली काय, तिच्या संख्येवरून वाद्याची योग्यता ठरविणे आम्हांस मान्य नाही.

लिओ फेंडर यांची प्रिसिजन बास १९५१ साली आली ती एका पिकअपची. १९५७ मध्ये त्या पिकअपचे दोन तुकडे झाले, तेही विजेची गुणगुण मारण्यासाठी. दोन पिकअपांची जॅझ बास त्यांनी १९६० साली स्वतंत्र वाद्य म्हणून काढली. ज्याला दोन हवेत, त्याची सोय त्याच घरात आहे!

घोडीजवळ तार कमी हालते. तेथला पिकअप मूळ स्वर क्षीण आणि वरचे स्वरांश ठळक उचलतो. दोन्ही पुरते उघडले की मधले काही कंप परस्परांस मारतात आणि ज्या भरीव आवाजासाठी प्रिसिजन घेतली, तोच पोकळ होतो. जॅको पास्टोरिअसचा मागच्या पिकअपवरील बोलका स्वर आम्ही नाकारीत नाही. पण तो जॅझ बासचा. उलट जेम्स जेमर्सनने मोटाउनची कितीएक गीते एका पिकअपवर, नि उजव्या हाताच्या एका बोटावर, तोलून धरली.

पिकअप बदलणे हा अपिलात फिरणारा हुकूम; कोरलेले लाकूड पुन्हा भरून येत नाही. नव्या, स्वस्त वाद्यावर कोणी खुशाल प्रयोग करावेत. साठ वर्षांच्या लाकडाला हत्यार लावण्यापूर्वी मात्र वाजविता हात जरा घोडीकडे सरकवून पाहावा. आवाज त्यानेही उजळतो, आणि त्यास दमडी पडत नाही.