योजनेचा शोध शेतापासून सुरू व्हावा

धाराशिव जिल्ह्यात शेतीस साह्य देणाऱ्या योजनांची उणीव नाही. ठिबक संच, विहीर, शेततळे, अवजारे, बांधबंदिस्ती अशा बहुतेक गरजांसाठी काही ना काही तरतूद आहे. उणीव आहे ती वाट दाखविणाऱ्याची.

१९५२ साली सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हा बियाणे, खत, जनावरे, विहीर यांपैकी कशाचीही अडचण गावकऱ्याने ग्रामसेवक या एकाच माणसापुढे मांडावी, अशी कल्पना होती. आज दारे अनेक आहेत. ठिबक व अवजारांचे काम तालुका कृषि अधिकाऱ्याकडे असते. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यास विहिरीसाठी मदत देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषि स्वावलंबन योजना जिल्हा परिषदेच्या कृषि विभागाकडे आहे. मृद व जलसंधारणाचे खाते २०१७ पासून वेगळे झाले. पदांची नावेही बदलली. ग्रामसेवक २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झाला व कृषि सहायक २०२५ पासून सहायक कृषि अधिकारी झाला. ज्याचा दिवस रानात जातो, त्याने हे सारे ध्यानात ठेवावे, ही अपेक्षा रास्त नव्हे.

महाडीबीटी पोर्टलवरून अर्ज करण्याची सोय झाल्याने काही हेलपाटे वाचले, हे मान्य केले पाहिजे. परंतु अर्ज भरणे म्हणजे योजना मिळणे नव्हे. पूर्वसंमती हाती येण्यापूर्वीच संच खरेदी केला तर अनुदान हातचे जाते. शिवाय खर्च आधी शेतकऱ्यासच करावा लागतो व रक्कम मागाहून खात्यात जमा होते. सर्वांत कठीण अडचण सातबाऱ्याची होय. वडील वारले, जमीन मुले कसतात, पण उतारा मयताच्या नावावरच राहिला, तर त्या घरास अर्जच करता येत नाही. घरचा कर्ता गमावलेल्या स्त्रीची तर यात विशेष कुचंबणा होते. ज्यास मदतीची निकड अधिक, तोच मागे राहतो.

मृदसंधारणाची गोष्ट आणखी निराळी आहे. ठिबक संच एकट्याने घेता येतो. बांधबंदिस्ती एकट्याने साधत नाही. बालाघाटाच्या माथ्यावर पडलेला पाऊस एका अंगाने मांजरा-तेरणेकडे व दुसऱ्या अंगाने सीनेकडे उतरतो. तो उतरताना कोणाचा गट नंबर पाहात नाही. वरच्या शेतकऱ्याने बांध घातला नाही, तर खालच्याची माती वाहून जाते आणि त्याचे शेततळे गाळाने भरते. म्हणूनच माथ्यापासून पायथ्याकडे काम करावे, असा नियम आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणावरच अधिक भर पडल्याची टीका जाणकारांनी केली, ती याच कारणाने. एकेका अर्जाने हा क्रम साधणार नाही. त्यास गावाचा आराखडा व शेजाऱ्याची संमती हवी.

यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्याने शोधाची दिशा उलटविली पाहिजे. योजनांची यादी फलकावर लावून थांबण्याऐवजी त्याने उन्हाळ्यात शिवारफेरी काढावी. प्रत्येक गटापुढे तीन गोष्टी एका वहीत टिपाव्यात: जमिनीची गरज काय, उतारा कोणाच्या नावावर आहे, आणि ते काम कोणत्या कचेरीकडे जाते. वारसनोंदी राहिल्या असतील, तर ते काम प्रथम मार्गी लावावे. ही वही ग्रामसभेत वाचून दाखवावी, म्हणजे कोण वगळला गेला हे सर्वांसमक्ष कळेल. कोणत्या जमिनीस काय मानवेल, याविषयी तुळजापूरच्या कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येईल.

एका कार्यकर्त्याकडे अनेक गावे असतात, त्यास सवड कोठून मिळणार, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु अपुऱ्या कागदांमुळे परत आलेले अर्ज पुन्हा पुन्हा हाताळण्यात त्याचा जो वेळ जातो, त्यापेक्षा ही वही करण्यास कमीच लागेल. शेतकऱ्यांनीही एकेकट्याने खेटे घालण्यापेक्षा एका ओघळीवरच्या पाच-सात जणांनी मिळून मागणी करावी. वरच्या शेतकऱ्याचा बांध ही खालच्याचीही गरज आहे, हे गावाने ओळखले, तर मृगापूर्वी बरेच काम उरकेल.