खांद्याचे मोल: तुटलेला हात मोजणारा कायदा आणि न उचलणारा हात

१/ यवतमाळ जिल्ह्याचा कापूस शतकाहून अधिक काळ माणसांच्या खांद्यांवरून बाजारात गेला आहे. खताची गोणी, फवारणीचा पंप, कापसाचे गाठोडे, सारा भार तिथेच येतो. अपघातात तोच खांदा जायबंदी झाला, तर त्याची भरपाई कशी ठरवायची? या प्रश्नाचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे आणि तो अजून संपलेला नाही.

२/ इंग्लंड, १८३७. चार्ल्स प्रीस्टली हा एका खाटकाचा नोकर. जादा माल लादलेली गाडी मोडली, त्याची मांडी मोडली आणि खांदा निखळला. ज्यूरीने १०० पौंडांची भरपाई दिली. वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. कामातील धोका नोकराने पत्करलेलाच असतो, असा या विचाराचा गाभा होता. ‘प्रीस्टली विरुद्ध फाउलर’ या निकालाने कामगारांची वाट अनेक दशके अडवून धरली.

३/ ही कोंडी कायद्यानेच फोडली. इंग्लंडमध्ये १८९७ साली आणि भारतात १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. भारतातील कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. अपघात कामामुळे व काम करताना घडला, एवढे दाखवणे पुरेसे झाले. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या माथ्यावरून उतरले.

४/ या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते: शरीराचे दरपत्रकच. कोपरापासून किंवा त्याच्या वरून उजवा हात गेला तर कमाईची क्षमता ७० टक्के घटली असे मानायचे, डावा गेला तर ६० टक्के. पुढे या यादीत खांद्याच्या सांध्यातून हात कापला गेल्यास ९० टक्के असा आकडा आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही यादी प्रामुख्याने गमावलेले अवयव मोजते.

५/ खांद्याचे दुखणे बहुधा तसे नसते. हात जागेवर असतो, पण डोक्याच्या वर जात नाही. अशा यादीबाहेरच्या दुखापतींसाठी कायद्याने वेगळी वाट ठेवली: कमाईची क्षमता जितकी घटली, तितकी भरपाई. वाट न्याय्य होती; पण ती घट सिद्ध करण्याचे काम जखमी माणसाकडेच राहिले.

६/ शिवाय हे छत्र सर्वांवर नव्हते. १९२३ च्या कायद्यात कारखाने, खाणी, रेल्वे होत्या, शेती नव्हती. यवतमाळात ही रेषा डोळ्यांना दिसते. जिनिंग कारखाना, वणीच्या कोळसा खाणी, कापसासाठी आलेली ‘शकुंतला’ रेल्वे हे सारे कायद्याने ओळखलेले उद्योग. ज्या शेतात तो कापूस पिकला, तेथील खांदा मात्र बाहेर.

७/ मोजमापाची दृष्टी न्यायालयांनी बदलली. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. यादीनुसार ती अंशतः अक्षमता ठरत होती. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ण अक्षमता मानली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

८/ २०१० साली मोटार अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने हे सूत्र अधिक स्पष्ट केले. अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घट या दोन भिन्न गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला चालक किंवा सुतार आणि तसाच हात गमावलेला कारकून यांचे नुकसान सारखे नसते.

९/ आता शेतकऱ्याकडे वळू. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. मृत्यू झाल्यास अथवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये, एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख. योजना मोलाची आहे. पण अवयव एक तर ‘निकामी’, नाही तर शाबूत. मधली पायरी नाही. अर्धाच उचलला जाणारा हात या दोन शब्दांच्या फटीत पडतो.

१०/ ठरावीक रकमेमुळे मदत लवकर मिळते आणि टक्केवारी आली की वाद व विलंब येतो, हा आक्षेप खोटा नाही. म्हणून ठरावीक रक्कम राहू द्यावी. तिच्याखाली अंशतः अक्षमतेची एक पायरी जोडावी. अपंगत्वाचे प्रमाणपत्र सरकारी रुग्णालये देतातच. त्याच्या जोडीला एकच प्रश्न विचारावा: हा माणूस आपले नेहमीचे काम करू शकतो का?

११/ १८३७ मध्ये कायदा म्हणाला, धोका तुझाच. १९२३ मध्ये म्हणाला, काय तुटले ते दाखव. १९७५ मध्ये त्याने विचारले, आता काम कसे करशील? यवतमाळचा शेतकरी अजून दुसऱ्या टप्प्यावर उभा आहे. त्यालाही तिसरा प्रश्न विचारला गेला पाहिजे.